घरखर्चातून वाचलेला पैसा गृहकर्जाच्या मुद्दलापर्यंत कसा न्यायचा

गृहकर्ज लवकर फेडायचं ठरलं की बहुतेक घरांत आधी खर्चाला कात्री लागते. दोन-चार महिने सगळे मन मारून राहतात आणि वर्षअखेरीस कर्जाचा उतारा पाहावा तर मुद्दल जवळपास जिथल्या तिथेच. वाचलेला पैसा बचत खात्यात पडून राहिलेला असतो आणि तिथून सुट्टी, दुरुस्ती, नवा फोन अशा वाटांनी निघून गेलेला असतो. खर्च कमी करणं हे निम्मंच काम. वाचलेली रक्कम त्याच महिन्यात मुद्दलात जमा करून घेणं हे उरलेलं निम्मं, आणि घोटाळे जास्त तिथेच होतात.

आकडेमोडीसाठी सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: ५० लाखांचं कर्ज, वार्षिक ८.५ टक्के व्याज, मुदत २० वर्षं, म्हणजे २४० हप्ते. व्याज दरमहा घटत्या शिल्लक रकमेवर. हप्ता येतो ४३,३९१. तुमची रक्कम आणि चलन वेगळं असेल, पण दर आणि मुदत हीच असतील तर प्रमाण तेच राहील.

## १. आधी कागद जमवा

- कर्जाचा करारनामा आणि मंजुरीपत्र
- परतफेडीचा तक्ता, म्हणजे प्रत्येक हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती हे दाखवणारा
- कर्जखात्याचा ताजा उतारा
- व्याजदर आजवर बदलला असेल, तर त्याची पत्रं
- कर्जासोबत घेतलेल्या विम्याची पॉलिसी
- सगळ्या बँक खात्यांचे आणि कार्डांचे १२ महिन्यांचे उतारे
- वीज, पाणी, गॅस, इंटरनेट, फोन, देखभाल यांची वर्षभराची बिलं

तीन महिन्यांचे उतारे पुरत नाहीत. विम्याचे हप्ते, शाळेची फी, मालमत्ता कर, गाडीची मोठी सर्व्हिसिंग हे वर्षातून एकदा येणारे खर्च त्यात सापडत नाहीत आणि बजेट मोडतं ते नेमकं यांच्यामुळेच.

करारनामा वाचताना चार गोष्टींखाली रेघ ओढा. दर स्थिर आहे की बदलता. मुदतीआधी पैसे भरल्यास दंड आहे का, असल्यास किती, आणि वर्षाला काही रक्कम दंडाशिवाय भरता येते का. जादा भरण्याची किमान रक्कम काय आहे. आणि व्याज कशावर मोजतात: रोजच्या शिल्लकीवर, महिनाअखेरच्या की वर्षअखेरच्या. वर्षअखेरच्या शिल्लकीवर मोजत असतील तर हिशेबाच्या तारखेनंतर लगेच भरलेली रक्कम जवळजवळ वर्षभर काहीच काम करत नाही. तिथे तारखेच्या आठवडाभर आधी भरा. रोजच्या शिल्लकीवर मोजत असतील तर हातात पैसा येईल त्या दिवशी भरा.

## २. कर्ज आतून कसं चालतं ते पाहा

पहिल्या महिन्याचं व्याज: ५०,००,००० × ८.५ ÷ १२०० = ३५,४१७. म्हणजे ४३,३९१ मधले फक्त ७,९७४ मुद्दलात गेले. पाच वर्षांत तुम्ही २६ लाखांहून जास्त भरता, मुद्दल मात्र जेमतेम ५.९४ लाखांनी उतरतं. हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजाच्या वाट्याहून मोठा होतो तो १४३व्या हप्त्याला, म्हणजे बाराव्या वर्षाच्या शेवटाकडे. यात फसवणूक काही नाही. शिल्लक मोठी म्हणून व्याज मोठं, इतकंच.

याचा फायदाही तसाच उलटा मिळतो. पहिल्या वर्षात १२ हप्ते भरून मुद्दल ९९,५०० च्या आसपास कमी होतं. वर्षअखेरीस १ लाख वेगळे भरले, तर एका फटक्यात जवळजवळ तेवढंच मुद्दल उतरलं. मुदत सुमारे ११ महिन्यांनी घटते आणि पुढचं ३.८ लाखांच्या आसपास व्याज वाचतं.

आता दरमहा ५,००० जादा भरण्याचा हिशेब:

- पहिल्या महिन्यापासून भरले, तर कर्ज १८७ हप्त्यांत संपतं. सव्वाचार वर्षांहून जास्त आधी. वाचलेलं व्याज सुमारे १३.९ लाख.
- तेच १० वर्षांनंतर सुरू केले, तर मुदत दीड वर्षाने घटते. वाचलेलं व्याज सुमारे २.८५ लाख.

दुसऱ्या प्रकारात एकूण भरणा कमी महिने होतो हे खरं, पण फरक तेवढ्याने भरून निघत नाही. म्हणून पहिल्या वर्षांतली छोटी रक्कमही मोलाची. आणि कर्ज अर्ध्याहून पुढे गेलं असेल तर घरातल्यांना उगाच फार ताणू नका.

स्वतःचा तक्ता स्प्रेडशीटमध्ये करून ठेवा. पाच रकाने पुरतात: सुरुवातीची शिल्लक, व्याज (शिल्लक × दर ÷ १२००), हप्ता, जादा भरणा, उरलेली शिल्लक. उरलेली शिल्लक म्हणजे पुढच्या ओळीची सुरुवात. बँकेचा उतारा आला की या तक्त्याशी ताडून पाहायचा. दोन-पाचाचा फरक दिवसांच्या मोजणीमुळे असतो. हजारांत असेल तर विचारायचं.

## ३. गृहकर्जाआधी फेडायच्या गोष्टी

क्रेडिट कार्डाची थकबाकी दरमहा ३ टक्क्यांनी चढत असेल, तर चक्रवाढीने ती वर्षाला ४२.६ टक्के होते. ती डोक्यावर असताना ८.५ टक्क्यांचं कर्ज आधी फेडण्यात अर्थ नाही. चढ्या दराकडून उतरत्या दराकडे या: आधी कार्ड, मग वैयक्तिक कर्ज, मग वाहनकर्ज, शेवटी घर.

त्यानंतर अडीअडचणीची गंगाजळी. तीन ते सहा महिन्यांचा खर्च, कर्जाचा हप्ता धरून. घरात कमावतं माणूस एकच असेल किंवा उत्पन्न अनियमित असेल, तर सहाच्या वर. याचं कारण कोरडं आहे: मुद्दलात गेलेला पैसा सहसा परत मिळत नाही. नोकरी गेल्यावर ‘मी मागे तीन लाख जादा भरले होते’ असं सांगितल्याने पुढचा हप्ता माफ होत नाही. काही बँका कर्जखात्याला जोडलेलं असं खातं देतात, ज्यात ठेवलेली रक्कम व्याज मोजताना मुद्दलातून वजा धरतात आणि गरज पडली तर काढताही येते. दर फार चढा नसेल तर गंगाजळी ठेवायला ही चांगली जागा. पण सहज काढता येतं म्हणून काढणारे आपण नाही, याची खात्री असेल तरच.

पैसा गुंतवावा की कर्जात भरावा, याचा एक साधा हिशेब आहे. ७ टक्क्यांची ठेव आणि तुमचा कर २० टक्के असेल, तर हातात ५.६ टक्के येतात. कर्जात भरलेला पैसा खात्रीने ८.५ टक्के वाचवतो. मात्र व्याजावर करसवलत मिळत असेल, तर कर्जाचा खरा दर तेवढा खाली येतो. तो धरूनच तुलना करा. मालक तुमच्याइतकीच भर घालतो अशी निवृत्तीची योजना असेल तर तिला हात लावू नका. त्या परताव्याला कर्जफेड पुरी पडत नाही.

## ४. खर्च तीन ढिगांत वाटा

बारा महिन्यांचे उतारे घेऊन प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर लिहा.

ब, म्हणजे बांधील: विमा, इंटरनेट, फोन, वर्गण्या, शिकवण्या, सोसायटीचं देखभाल शुल्क. एकदा ठरला की आपोआप जाणारा खर्च.
वा, म्हणजे वापरावर ठरणारा: वीज, पाणी, इंधन, किराणा.
म, म्हणजे मनावरचा: बाहेरचं खाणं, कपडे, भेटी, सहली.

लोक सुरुवात ‘म’पासून करतात आणि तिथेच थकतात. क्रम ‘ब’, मग ‘वा’, मग ‘म’ असा ठेवा. बांधील खर्च एकदा कमी केला की पुढे दर महिन्याला इच्छाशक्ती लागत नाही. मनावरच्या खर्चावर रोज लढावं लागतं आणि रोजच्या लढाईत माणूस कधीतरी हरतोच.

ही वाटणी घरातल्या सगळ्यांसमोर करा. एकाने ठरवलेली काटकसर बाकीचे शिक्षा म्हणून भोगतात आणि मग लपूनछपून खर्च सुरू होतात.

## ५. बांधील खर्च: एक शनिवार पुरतो

वर्गण्या आणि सदस्यत्वं. कार्डाच्या उताऱ्यावर एकच रक्कम दर महिन्याला त्याच तारखेच्या आसपास जाते, तिच्याभोवती खूण करा. गेल्या ३० दिवसांत वापरली नसेल तर बंद. वार्षिक वर्गणीचं नूतनीकरण आपोआप होतं, म्हणून तिची तारीख कॅलेंडरमध्ये दहा दिवस आधी टाका. ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असं होत नाही. ती खात्यात जाऊनच रद्द करावी लागते.

फोन आणि इंटरनेट. गेल्या सहा महिन्यांचा खरा वापर पाहा आणि त्याच्या जरा वरचा प्लॅन घ्या. नव्या ग्राहकाला मिळणारा दर जुन्याला आपणहून कुणी देत नाही. ‘सोडायचं आहे’ म्हणून फोन केला की बऱ्याचदा तो निघतो.

विमा. कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा नीट तपासा. त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवला असेल, तर त्यावरही तुम्ही २० वर्षं व्याज भरता आहात. तेवढंच संरक्षण देणारा साधा मुदतविमा स्वतंत्र घेतला तर स्वस्त पडतो का ते विचारा. नवी पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनी सोडायची नाही, हा नियम मोडू नका. आजार मध्येच निघाला तर दोन्ही दारं बंद होतात. वाहन विम्यात ऐच्छिक वजावट, म्हणजे नुकसानातला स्वतःच्या खिशातून भरायचा वाटा, वाढवली की हप्ता उतरतो, मात्र तेवढी रक्कम गंगाजळीत हवी.

वाहन. दुसरी गाडी असेल तर तिचा वर्षाचा पूर्ण खर्च एकदा कागदावर मांडा: विमा, कर, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग, इंधन आणि किमतीतली वार्षिक घट. शेवटचा आकडा कुठल्याच बिलावर येत नाही आणि गाडी नवी असेल तर बहुधा तोच सर्वांत मोठा असतो. या एका निर्णयातून वाचणारी रक्कम स्वयंपाकघरातल्या वर्षभराच्या काटकसरीला सहज मागे टाकते.

काय कापायचं नाही: आरोग्य विमा, कमावत्याचा मुदतविमा, दातांची आणि डोळ्यांची तपासणी, गाडीची नियमित सर्व्हिसिंग, छताच्या किंवा नळाच्या गळतीची दुरुस्ती. हे खर्च पुढे ढकलले की वाढून परत येतात.

## ६. वीज आणि पाणी: आधी उष्णता, मग बाकीचं

प्रत्येक उपकरणाचं गणित एकच आहे: वॅट × तास ÷ १००० = युनिट. घरभर दिवे बंद करत फिरण्याआधी ते करून पाहा.

६० वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास चालत असेल आणि त्याजागी ९ वॅटचा एलईडी लावला, तर वर्षाला सुमारे ९३ युनिट वाचतात. एकदाच करायचं काम, करून टाका. सतत १० वॅट ओढत राहणारं बंद-पण-जोडलेलं उपकरण वर्षाला ८७.६ युनिट खातं. तेव्हा टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, स्पीकर यांना एकच पट्टी आणि एकच बटण.

आता आंघोळ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१८६ किलोज्यूल लागतात आणि एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. शॉवरमधून मिनिटाला १० लिटर पडत असेल, तर पाच मिनिटांचे ५० लिटर. ते २५ अंशांनी तापवायला १.४५ युनिट. रोजच्या हिशेबाने एका माणसाचे वर्षाला ५३० युनिट, म्हणजे बल्ब बदलून वाचले त्याच्या जवळजवळ पावणेसहापट. टाकीतून वाया जाणारी उष्णता वेगळीच. पाच मिनिटांची आंघोळ दहावर गेली की आकडा दुप्पट. म्हणून गरम करणारी आणि थंड करणारी उपकरणं आधी धरायची: गीझर, हीटर, एसी, कपडे वाळवण्याचं यंत्र, ओव्हन. फोनच्या चार्जरवर घरात भांडणं नकोत, तो हिशेबात दिसतही नाही.

- गीझर आंघोळीच्या आधी लावा, दिवसभर चालू नको. टाकी मोठी असेल तर तिच्यावरचं उष्णतारोधक आवरण तपासा. मात्र साठवलेल्या गरम पाण्याचं तापमान फार खाली आणू नका, कोमट साठ्यात जंतू वाढतात. ६० अंश सुरक्षित धरतात. नळाशी त्यात थंड पाणी मिसळा, इतक्या गरम पाण्याने पोळतं.
- शॉवरला कमी प्रवाहाचं तोंड लावलं की पाणी आणि वीज दोन्ही वाचतात.
- फ्रिज ४ अंश, फ्रीझर उणे १८ अंश. याहून थंड ठेवण्यात काही मिळत नाही. दाराची रबरी पट्टी सैल झाली का ते पाहायला दारात कागद अडकवा. तो सहज सुटला तर पट्टी बदला.
- एसीची जाळी महिन्यातून एकदा धुवा आणि दारं-खिडक्यांच्या फटी बुजवा.
- संडासाच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकी गळते आहे.

किराण्याबद्दल थोडक्यात. पाकिटाची किंमत वाचू नका, किलोची किंमत काढा. मोठं पाकीट दरवेळी स्वस्त असतंच असं नाही आणि किंमत तीच ठेवून वजन घटवण्याचा प्रकार सगळीकडे चालतो. घरात असलेल्या वस्तूंची यादी केल्यावरच खरेदीची यादी करा. दोन आठवडे फेकलेलं अन्न वजन करून लिहून ठेवा. त्या कागदावर जे वारंवार दिसेल ते कमी आणा.

## ७. वाचलेला पैसा मुद्दलात घाला

हा टप्पा चुकला तर वरचे सगळे फुकट.

पगाराच्या दिवशी. महिनाअखेरीस जे उरेल ते भरू असं ठरवलं की उरत नाही. खर्चातून ५,००० कमी होणार असतील, तर पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ५,००० कर्जखात्यात जातील अशी आपोआप सूचना लावा. बांधील खर्च कमी झाला की त्याच दिवशी ती रक्कम वाढवा. वीजबिलातली बचत दर तिमाहीला मोजा आणि एकरकमी भरा.

लेखी सूचना. जादा रक्कम नुसती खात्यात टाकली, तर काही ठिकाणी ती पुढच्या हप्त्यांसाठी आगाऊ म्हणून बाजूला ठेवली जाते. मुद्दल उतरत नाही, व्याज तसंच चालतं आणि पुढचा हप्ता ‘आधीच भरला’ दिसतो. म्हणून अर्जात किंवा ईमेलमध्ये स्पष्ट लिहा: ‘ही रक्कम अंशतः परतफेड म्हणून मुद्दलात जमा करावी, मासिक हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी.’

मुदत की हप्ता? जादा भरल्यावर हप्ता कमी करायचा की मुदत, असं विचारतात किंवा न विचारता हप्ता कमी करतात. फरक पाहा. पाच वर्षांनी ५ लाख भरले. हप्ता ४३,३९१ तसाच ठेवला, तर मुदत ३ वर्षांनी घटते आणि सुमारे १०.७ लाख व्याज वाचतं. मुदत तशीच ठेवली, तर हप्ता ३८,४६८ वर येतो आणि व्याज वाचतं ते सुमारे ३.९ लाख. उत्पन्न डळमळीत असेल तर कमी हप्ता घ्यावा, पण फरकाचे ४,९२३ स्वतःहून भरत राहावेत. म्हणजे वेग तोच राहतो आणि अडचण आली तर श्वास घ्यायला जागा मिळते. शिस्त असेल तरच हे जमतं.

खात्री. आठवड्याभरात उतारा काढा. तीन गोष्टी पाहा: मुद्दल तेवढ्याने कमी झालं का, पुढच्या महिन्याचं व्याज उतरलं का, शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली का. पावती जपून ठेवा.

वर्षाला एक जादा हप्ता ही आणखी एक सोपी रीत. त्याचे बारा भाग करून दरमहा ३,६१६ भरत गेलात, तर २० वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांत संपतं. पंधरवड्याला अर्धा हप्ता भरायच्या योजनांमागेही हेच आहे: वर्षात २६ पंधरवडे, म्हणजे १३ हप्ते. त्यासाठी कुणी वेगळं शुल्क मागत असेल तर देऊ नका.

दंड असेल तर तो वाचणाऱ्या व्याजाशी ताडून पाहा. स्थिर दराची मुदत काही महिन्यांत संपणार असेल, तर तोवर रक्कम ठेवीत साठवून दंड संपल्याच्या दिवशी भरणं बहुधा फायद्याचं.

## ८. दर बदलला तर

बदलत्या दराच्या कर्जात दर चढला की हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवतात. पत्र येतं, कुणी वाचत नाही. आपल्या उदाहरणात सुरुवातीलाच दर ८.५ वरून ९.५ टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर २४० हप्त्यांचे ३०९ होतात. एका टक्क्यात पावणेसहा वर्षं. म्हणून दरवाढीचं पत्र आलं की नवी मुदत विचारा आणि शक्य तेवढा हप्ता वाढवून घ्या. दर उतरला तर उलट: हप्ता कमी करून घेऊ नका, जुनाच भरत राहा.

दुसरीकडे कमी दर मिळतोय म्हणून कर्ज हलवायचं असेल, तर आधी आपल्याच बँकेकडे दर कमी करून मागा. हलवताना प्रक्रिया शुल्क, कायदेशीर तपासणी, मूल्यांकन, नोंदणी, जुन्या कर्जाचा दंड हे सगळं मिळवून किती महिन्यांत वसूल होतं ते काढा. आणि नवी मुदत जुन्याच्या उरलेल्या मुदतीएवढी किंवा कमीच घ्या. १४ वर्षं उरलेली असताना पुन्हा २० वर्षांचं घेतलं की हप्ता छान हलका वाटतो आणि एकूण व्याज वाढलेलं असू शकतं.

## ९. शेवटचा हप्ता

उताऱ्यातली शिल्लक भरून कर्ज संपत नाही, कारण त्या दिवसापर्यंतचं व्याज वर असतं. ठरावीक तारखेचं पूर्णफेडीचं पत्र मागा आणि त्यातली रक्कम त्याच तारखेला भरा. त्यानंतर:

- येणे बाकी नसल्याचा दाखला, खाते क्रमांक आणि बंद झाल्याच्या तारखेसह
- तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं. कर्ज घेताना मिळालेल्या यादीशी एकेक पान जुळवूनच सही करा
- मालमत्तेच्या नोंदणीतला बोजा उतरवणं. बरेच जण दाखला घेऊन थांबतात आणि घर विकताना अडकतात
- हप्त्याची आपोआप जाणारी सूचना रद्द करणं आणि आधी दिलेले कोरे धनादेश परत घेणं
- विम्यावरचं बँकेचं नाव काढणं
- महिन्या-दोन महिन्यांनी पतअहवालात (क्रेडिट रिपोर्टमध्ये) कर्ज ‘बंद’ दिसतं का ते पाहणं